अमेरिकी सरकारचे मदतीचे पैसे: कर लागत नाही, पण घरातल्या कोणाकोणाला मिळतात?

तुम्ही लिहिले आहे की नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून एल-वन या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर तुमची न्यू जर्सीला बदली होत आहे, सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी येणार आहे, धाकटा भाऊ एम.एस.साठी येण्याच्या तयारीत आहे आणि निफाडच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर वडिलांबरोबर तुमचेही नाव आहे. संकटाच्या काळात अमेरिकेचे सरकार लोकांच्या खात्यात जे पैसे टाकते ते आपल्यासारख्यांना मिळतात का आणि त्यावर कर भरावा लागतो का, असा तुमचा प्रश्न आहे. कराबद्दलचे उत्तर छोटे आहे. मिळतात का, याचे उत्तर मात्र माझ्या घरातल्या चार माणसांत दोन-दोन असे विभागले गेले, आणि ते अजूनही माझ्या मनातून गेलेले नाही. म्हणून सरकारी संकेतस्थळावर जे सहज वाचायला मिळते ते सोडून बाकीचे लिहिते.

करोनाच्या काळात अमेरिकेत असे पैसे तीनदा वाटले गेले. २७ मार्च २०२० च्या कायद्याने प्रौढ माणसाला १,२०० डॉलर आणि सतरा वर्षांखालच्या मुलाला ५०० डॉलर मिळाले. त्याच वर्षीच्या २७ डिसेंबरच्या कायद्याने प्रत्येकी ६००. आणि ११ मार्च २०२१ च्या कायद्याने प्रत्येकी १,४००. एकट्याचे वार्षिक उत्पन्न ७५,००० डॉलरच्या वर किंवा जोडप्याचे एकत्रित उत्पन्न दीड लाखाच्या वर गेले, की रक्कम कमी होत जात असे. या तिन्ही रकमांवर अमेरिकेचा केंद्रीय आयकर लागला नाही. कारण असे की कायद्याने त्यांना मदत किंवा अनुदान म्हटलेच नव्हते. पुढच्या रिटर्नमध्ये मिळणारी करसवलत आगाऊ हातात दिली, असे त्यांचे स्वरूप होते. स्वतःच्याच कराचा परतावा हे उत्पन्न नव्हे, हा हिशेब त्यामागे आहे. म्हणूनच ज्यांचे उत्पन्न नंतर वाढले आणि हिशेबाने कमी रक्कम बसत होती, त्यांच्याकडून फरकही परत मागितला गेला नाही. मात्र परतावा उशिरा आला म्हणून त्यावर सरकार व्याज देते, ते व्याज करपात्र असते, आणि दहा डॉलरचे असले तरी त्याचा कागद घरी येतो.

यावरून सरकारने दिलेला प्रत्येक पैसा करमुक्त असतो, असे मात्र समजू नका. बेकारी भत्ता करपात्र आहे. २०२० या एका वर्षापुरते, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना त्यातले पहिले १०,२०० डॉलर वगळता आले, एवढेच. २०२१ च्या उत्तरार्धात मुलांसाठी दरमहा २५० किंवा ३०० डॉलर खात्यात येत होते. त्यावर कर नव्हता, पण वर्षाअखेरीच्या रिटर्नमध्ये त्यांचा हिशेब जुळवावा लागला. राज्यांचे नियम आणखी निराळे. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कुटुंबांना २०० ते १,०५० डॉलर दिले, त्यातल्या अनेकांना उत्पन्नाचा फॉर्म पाठवला, आणि ते पैसे केंद्राच्या रिटर्नमध्ये दाखवावे लागणार नाहीत हे केंद्रीय कर खात्याने १० फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे रिटर्न भरण्याचा हंगाम सुरू झाल्यावर सांगितले. पुन्हा चेक येणार अशा बातम्या अधूनमधून उठतात. तसे झालेच, तर कायद्याने त्या रकमेला काय म्हटले आहे ते आधी पाहावे. कर लागणार की नाही, ते त्यावरच ठरते.

आता मिळण्याबद्दल. तिन्ही वेळेला प्रौढ माणसासाठी दोन मुख्य अटी होत्या: कराच्या दृष्टीने तो अमेरिकेचा रहिवासी हवा आणि त्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकी सरकार देते तो ओळख क्रमांक, कामासाठी वैध असलेला हवा. ग्रीन कार्डची किंवा नागरिकत्वाची अट नव्हती. त्या वेळी माझे पती एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होते, त्यांच्याकडे नंबर होता. मी नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजमध्ये शिकवण्याची नोकरी सोडून एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर, आले होते. एच-फोरवरच्या जोडीदाराला मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डचा एक टप्पा मंजूर झालेला असावा लागतो, आणि आमचा तो तेव्हा झालेला नव्हता. त्यामुळे मला आणि नाशिकमध्ये जन्मलेल्या माझ्या मुलीला फक्त आयटिन होता. हा नऊ आकड्याने सुरू होणारा नंबर कर भरण्यापुरता देतात. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, त्याला जन्मापासून सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला.

मार्च २०२० च्या कायद्यात अशी तरतूद होती की जोडप्याने एकत्र रिटर्न भरले असेल आणि दोघांपैकी एकाकडे जरी आयटिन असेल, तर त्या घराला काहीच द्यायचे नाही. अपवाद फक्त सैन्यातल्या कुटुंबांचा. म्हणजे माझ्या आयटिनमुळे माझ्या नवऱ्याचे आणि मुलाचेही पैसे अडले. नोकरी सोडून आलेल्या बाईला हे कसे वाटते, ते मी सविस्तर सांगत बसत नाही. पण त्या महिन्यात घरात मी हिशेबाची वही उघडली नाही, एवढे खरे. डिसेंबरच्या कायद्याने ही अट मागच्या तारखेपासून बदलली आणि ज्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे त्याचा आणि मुलाचा हक्क मान्य केला. आमच्या कर सल्लागाराने ते आम्हाला सांगितले नाही. विचारले तेव्हा, तुमचे कुटुंब अपात्र आहे, एवढेच उत्तर आले. मी कायद्याचा मजकूर काढून वाचला आणि २०२० च्या रिटर्नच्या तिसाव्या ओळीवर रक्कम मागितली तेव्हा ती मिळाली. सल्लागार कितीही जाणता असला, तरी ज्या घरात दोन प्रकारचे नंबर आहेत त्या घराचे रिटर्न स्वतः वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, हे मी तुम्हाला अगदी ठामपणे सांगते.

तीन हप्ते मिळून आम्हाला ५,७०० डॉलर मिळाले. चौघांकडे नंबर असता तर ११,४०० मिळाले असते. रकमेचे दुःख मला फार नाही. त्या काळात पतीचा पगार चालू होता आणि देशात कितीतरी लोकांचे हाल आमच्यापेक्षा वाईट होते. सलते ते वेगळेच. तिसऱ्या हप्त्याचे पत्र आले तेव्हा मुलगी सहावीत होती. तिने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडून वाचले, २,८०० ला १,४०० ने भागले आणि विचारले, "आई, दोनच कसे? आपण चौघे आहोत ना?" मी तिला नंबराचा नियम समजावून सांगितला. तिने तो नीट समजून घेतला आणि भावाकडे पाहून म्हणाली, "म्हणजे तो धरला आहे आणि मी नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याच वर्षी तिच्या सरकारी शाळेने कोणताही कागद न विचारता तिला घरी वापरायला लॅपटॉप दिला होता. स्थलांतरित मुलाला कागदपत्रांवरून सरकारी शाळा नाकारता येत नाही, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ चा निर्णय आहे. शाळेने तिला पूर्ण आपली मानले. आता कॉलेजचे अर्ज जवळ आले आहेत, आणि केंद्र सरकारची शैक्षणिक मदत एच-फोरवरच्या मुलांसाठी नाही. भावाची वेळ येईल तेव्हा तोच अर्ज त्याला भरता येईल. २०१८ पासून मुलांच्या करसवलतीतही हाच भेद आहे: नंबर असलेल्या मुलासाठी मोठी सवलत, आयटिनवाल्या मुलासाठी जास्तीत जास्त ५०० डॉलर. आम्ही कर मात्र दरवर्षी पूर्ण भरतो. मला २०२३ मध्ये कामाचा परवाना आणि नंबर मिळाला, मुलीला अजून नाही. तिला अमेरिकेत आणण्याचा निर्णय आम्ही तिच्यासाठीच घेतला होता, आणि तो बरोबर होता की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

तुमची स्थिती एका बाबतीत बरी आहे. एल-वनच्या जोडीदाराला आता वेगळा परवाना न काढता काम करता येते. सरकारविरुद्धच्या एका दाव्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर हे स्पष्ट झाले आणि २०२२ पासून आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीवर, एल-टू-एस असे लिहिले जाऊ लागले. त्या नोंदीवर तुमच्या पत्नींना सोशल सिक्युरिटी नंबर मागता येतो. नोकरी करायची असो वा नसो, नंबर घ्यावा. मुलीला तो मिळणार नाही. तिचा आयटिन काढावा लागेल. त्यासाठी मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत लागते, नाहीतर नेमून दिलेल्या अधिकृत एजंटकडे कागद तपासून घ्यावे लागतात. नाशिकमध्ये नोटरी करून आणलेली प्रत तिथे चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नका. आमचे पासपोर्ट परत येईपर्यंत सासऱ्यांचे आजारपण सुरू झाले होते, आणि त्या आठवड्यांत रोज टपालपेटी उघडताना काय होत असे, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

भावाला सांगा की विद्यार्थी व्हिसावरचा माणूस साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षे कराच्या दृष्टीने रहिवासी धरला जात नाही, त्यामुळे असे पैसे त्याचे नाहीत. करोनात अनेक विद्यार्थ्यांनी रहिवाशाचा फॉर्म भरला, पैसे खात्यात आले आणि मग परत करण्याची धावपळ झाली.

नाशिककडची बाजू तुम्ही विचारलेली नाही, पण ती याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तुमच्या नावावर पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये येत असतील तर अनिवासी झाल्यावर तुम्ही त्याला पात्र राहत नाही. पोर्टलवर लाभ स्वतःहून सोडण्याची सोय आहे, ती वापरा आणि तलाठ्यांकडेही कळवा. वडिलांचा लाभ त्यांच्या पात्रतेवर चालू राहील. बागेचे उत्पन्न भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत रहिवासी झाल्यावर तुमच्या वाट्याचे शेतीउत्पन्न, नाशिकमध्ये फ्लॅट असेल तर त्याचे भाडे आणि ठेवींचे व्याज तिथे दाखवावे लागते, हे निफाडच्या किती कुटुंबांना उशिरा कळते! तिथे मिळणाऱ्या मदतीवर भारतात कर लागेल का, तर तुम्ही भारताच्या करासाठी अनिवासी असाल तोवर लागणार नाही. त्यासाठी जाण्याची तारीख पाहा: नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक भारतात राहिला, तर तो त्या वर्षासाठी निवासीच राहतो. सप्टेंबरअखेरीच्या पुढे निघालात, तर मार्चपर्यंतचा अमेरिकी पगारही भारतातल्या रिटर्नमध्ये येईल आणि दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली सवलत मागत बसावे लागेल. कंपनीला तारीख आताच विचारा.

एकटेपणाची काळजी करू नका. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या परिसरात कोजागरीला दूध आटवायला आणि संक्रांतीला वाण द्यायला माणसे भरपूर मिळतात.

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात तिघांचे आय-९४ ऑनलाइन काढून पाहा. पत्नींच्या नोंदीत एल-टू-एस आहे का आणि मुलीच्या नोंदीत नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, हे तपासा. चूक असेल तर विमानतळाच्या सीमा तपासणी कार्यालयात जाऊन दुरुस्त करून घ्या आणि मगच पत्नींच्या नंबराचा अर्ज करा. मुलीला यातले काही विचारायची वेळ आली, तर तिला नियम सांगताना तो कोणी आणि कशासाठी केला हेही सांगा. मी माझ्या मुलीला फक्त नियम सांगितला होता.