गोळ्यांपासून घरी केलेल्या नशेच्या इंजेक्शनाने शरीरात नेमके काय बिघडते?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: वेदनाशामक गोळ्यांपासून घरीच केलेले इंजेक्शन शरीराचे काय करते, आणि रशियातील ‘क्रोकोडाईल’ ही नशा म्हणजे काय. मी बीड जिल्ह्यात एकोणतीस वर्षे परिचारिका होते, तरी हे उत्तर एका मुलाची आतेबहीण म्हणूनच लिहीत आहे.

‘क्रोकोडाईल’ म्हणजे कोडीन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाच्या गोळ्यांपासून चोरून केलेले अशुद्ध डेसोमॉर्फिन, त्याच वर्गातले जास्त तीव्र औषध. त्यात राहिलेली आम्ले मांस जाळतात, फॉस्फरस जबड्याचे हाड कुजवतो आणि कातडी खवल्यांसारखी होते, म्हणून ते मगरीचे नाव. रशियाने 1 जून 2012 पासून कोडीनची चिठ्ठीविना विक्री थांबवली. हात गमावण्यासाठी मात्र साधी गोळीही पुरते.

2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या दिवसांत, मामांनी माझ्या मामेभावाला रात्री रुग्णालयात आणले आणि मळणी यंत्राच्या पट्ट्यात बोटे सापडली, असे सांगितले. बोटांना साधे खरचटलेलेही नव्हते. अंगठ्याशेजारची दोन बोटे जांभळी आणि गार पडली होती. नख दाबून सोडले तरी रंग परत येत नव्हता. कोपरातल्या शिरा हाताला वाळल्या चऱ्हाटासारख्या लागत होत्या. मामा केसपेपर काढायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, “आक्का, शीर सापडंना म्हणून मनगटात टोचलं.” ते आदल्या सकाळी घडले होते, आणि तेव्हापासून घरी हळद-चुन्याचा लेप चालला होता.

गोळी पोटासाठी बनवलेली असते. तिच्यातील टाल्क, स्टार्च आणि सेल्युलोज पाण्यात विरघळत नाहीत. उकळल्याने जंतू मरतील, पण ही भुकटी तशीच राहते. मनगटात टोचताना ती धमनीत गेली की बोटांच्या बारीक वाहिन्या तुंबतात आणि आकसतात. शिरेतून गेली तर हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात जाऊन बसते, तिथे गाठी धरतात आणि पुढे जिना चढतानाही दम लागतो. सुईबरोबर आत गेलेले कातडीवरचे जंतू हृदयाच्या झडपेवर वाढतात. तो थंडी वाजून येणारा ताप साध्या तापाच्या गोळीने जात नाही, त्याला अनेक आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. सुई दुसऱ्याने वापरलेली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांचा धोका असतोच. औषधाचे स्वतःचे विष आणखी वेगळे: श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, माणूस झोपेतच जातो. भाऊ घेत होता त्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाने झटकेही येतात. भावाला दोन महिने आधी असाच झटका आला होता, तेव्हा घरच्यांनी नाकाला कांदा लावला होता.

मी त्याच रात्री डॉक्टरांना खरे सांगितले. मामांचे म्हणणे असे की, गोळी परवान्याच्या दुकानातली होती, गांजा नव्हे, आणि मी घराची अब्रू वेशीवर टांगली. ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली 2018 मध्ये आले, पण शिरेत ते त्याआधीही तितकेच घातक होते. आणि मामा, बोटे माझ्या बोलण्याने गेली नाहीत. अशा वेळी रक्तप्रवाह वाचवण्याची संधी काही तासांचीच असते आणि आपण दीड दिवस लेप लावत बसलो. दोन्ही बोटे कापावी लागली.

म्हणून आपल्या ओळखीत कोणी असेल तर डॉक्टरांना सुईबद्दल आधी सांगा, मग बाकीचे. पोलिसांच्या भीतीने थांबू नका. अमली पदार्थांच्या त्याच, 1985 च्या एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ स्वतःहून शासनमान्य केंद्रात उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून संरक्षण देते, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. प्रत्येकाची बोटे जातातच असे नाही, हेही सांगायला हवे. काहींना केवळ गळू होते. गोळ्या घरच्या घरी एकदम तोडू नका, त्रास फार होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधावर ठेवून हळूहळू सोडवता येते. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा निःशुल्क क्रमांक आहे. भावाला मी अशाच एका केंद्रात नेले, तेव्हा मामा सोबत आले नव्हते.