पूर ओसरल्यावर पोरांनी काय बोलावं?

प्रश्न : शिरोळ तालुक्यातल्या कॉलेजात मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. २००५, २०१९, २०२१ असे मोठे पूर आमच्या गावांनी सोसले. आमची मुलं चिखल काढायला, धान्य वाटायला पुढं असतात. पण छावणीत कुणी रडायला लागलं की गांगरतात. पावसाळ्याआधी त्यांना मानसिक आधाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं म्हणतो. एक गृहस्थ सुचवतात की पूरग्रस्तांना गोल बसवून प्रत्येकाला अनुभव सांगायला लावायचा, म्हणजे मन मोकळं होतं. मुलांना हे जमेल का?

उत्तर : सर, जमेलही, पण करायला लावू नका. घडलेलं सगळ्यांकडून एकदाच वदवून घेतलं की पुढचा त्रास टळतो, असं पूर्वी मानायचे. अभ्यासातून तसं दिसलं नाही, काहींचा त्रास उलट वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या पुस्तिकेत तीनच कामं सांगितलीत : बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या. त्याला डॉक्टर लागत नाही आणि दोन दिवस पुरतात.

यातलं 'ऐका' सगळ्यात अवघड. मी स्वयंसेवकांच्या जोड्या लावते. एकानं म्हणायचं, "म्हस गोठ्यातच राहिली ओ." दुसऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, एवढीच अट. पण लगेच तोंडातून निघतंच, "भरपाई मिळंल की काकी," नाहीतर "जीव वाचला हे काय कमी हाय?" बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण काकी तिथंच गप्प होतात. "दावं सोडायचं राहिलं व्हय?" एवढं विचारून थांबणारी मुलगी भेटली, की तिला पुढच्या जोडीत शिकवायला बसवते.

तुमच्याकडं हे जास्तच लागणार. २०१४ साली पुणे जिल्ह्यात माळीण गावावर दरड कोसळली, तेव्हा कुणाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत चढत येतं. आजची रात्र बघू, असं माणूस स्वतः ठरवतो, आणि सकाळी होडीत जनावर बसत नाही. मग "मीच मारली तिला" हे डोक्यातून जात नाही. तिथं "देवाची इच्छा" म्हणून कुणाचं समाधान होत नाही.

'बघा' मात्र पाठ करून घ्या, कारण पोरं रडणाऱ्याकडं धावतात आणि कोपऱ्यात गप्प बसलेला राहून जातो. छावणीत पहिला प्रश्न : रोजची कुठली गोळी घरात राहिली का? फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी अचानक बंद पडली तर पेशंट आडवा होऊ शकतो, आणि लाजेपायी घरचे सांगत नाहीत. दुसरं, दारूचं. रोज पिणाऱ्याला छावणीत दारू मिळाली नाही, की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. लोक म्हणतात, पुरानं डोकं फिरलं. तिथं समजूत काढत बसायचं नाही, गाडी काढून थेट दवाखाना गाठायचा. जिवावर बेतू शकतं. मरणाची भाषा करणाऱ्यालाही एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर प्रत्येक मुलाच्या मोबाईलमध्ये असू द्या; चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलंय, त्या मुलांना त्या आठवड्यात ऐकण्याच्या कामाला लावू नका. बाकीच्यांना रोज संध्याकाळी चहाला एकत्र बसवा. रडणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, हे मात्र प्रशिक्षणाआधीच बजावा.

उरलं 'जोडून द्या'. ते निम्मं तर तलाठ्याकडंच असतं. भिजलेलं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, पंचनाम्यात न आलेलं नाव, यानं माणसं रात्र-रात्र जागी राहतात. त्या गृहस्थांना मदत करायची हौस असेलच, तर गोल करायच्या ऐवजी म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरायला बसवा.