विचारा की! : जुना गाडीसेट, नवी केबल आणि उत्तर न देणारा रेडिओ

मागच्या दोन महिन्यांत जुन्या मोबाईल सेटांच्या प्रोग्रॅमिंगबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवरून त्यात चॅनल भरण्याबद्दल, इतकी पत्रं आलीत की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. मोबाईल म्हणजे फोन नाही हं, गाडीत बसवायचा वायरलेस सेट. टॅक्सीवाले, सिक्युरिटीवाले, कारखाने जुने सेट काढून टाकतात आणि आपल्यासारखे हौशी लोक ते घरी आणून बायकोच्या शिव्या खातात.

प्रश्न (सातारा) : हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स मिळून सहा महिने झाले. मोटोरोलाचा जीएम३०० सेट घेतला, व्हीएचएफ, २५ वॅटचा. यूएसबी केबल ऑनलाईन मागवली. लॅपटॉपवर विंडोज १० आहे, सॉफ्टवेअर आधी उघडेचना, मग डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) उघडलं तर रीड करताना, म्हणजे सेटमधली माहिती कॉम्प्युटरवर घेताना, दरवेळी एरर, सेट उत्तर देत नाही म्हणतंय. रिसिव्ह मात्र चांगलं होतं. सेट खराब निघाला का?

उत्तर : रिसिव्ह होतंय ना, मग सेटवर एवढ्यात संशय नको. माझ्याकडे असे जे सेट येतात त्यातल्या बहुतेकांचा दोष केबलमध्ये नाहीतर कॉम्प्युटरमध्ये असतो, आणि लोक तोवर सेट उघडून बसलेले असतात.

सॉफ्टवेअर का उघडलं नाही ते आधी. जीएम३०० चं सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर जुने १६ बिटचे डॉस प्रोग्रॅम चालतच नाहीत, कितीही कंपॅटिबिलिटी मोड लावा. डॉसबॉक्समध्ये ते उघडतं, पण उघडणं वेगळं आणि सेटशी बोलणं वेगळं, कारण या सॉफ्टवेअरला टायमिंग फार नेमकं लागतं आणि मधे डॉसबॉक्स, ड्रायव्हर, यूएसबी असे तीन दलाल बसले की सेटचं उत्तर येईपर्यंत सॉफ्टवेअर कंटाळून एरर देऊन मोकळं होतं. कुणाचं चालतं, कुणाचं नाही चालत. मी अजून एक जुना पेंटियमवाला कॉम्प्युटर, खऱ्या सीरियल पोर्टसकट, फक्त याच कामासाठी ठेवलाय, घरचे दर दिवाळीला तो भंगारात द्यायला निघतात.

आता केबल. सेटच्या बाजूला डेटा एकाच वायरवरून येतो आणि जातो, ५ व्होल्टच्या हिशोबाने. कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला मात्र पाठवायची वायर वेगळी, घ्यायची वेगळी, आणि व्होल्टेज प्लस-मायनस दोन्हीकडे जातं. या दोघांची भांडणं मिटवायला मधे एक डबी लागते, तिला रिब म्हणतात. मोटोरोलाच्या मूळ रिबमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की हाच एरर येतो, रिब वापरणाऱ्यांनी आधी बॅटरी बदलून बघा, मी एकदा पूर्ण रविवार घालवलाय त्या बॅटरीपायी. तुमच्या केबलमध्ये रिबचं सर्किट प्लगच्या आतच असणार, पण ते खरंच आहे का हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. माईकचं सॉकेट लॅनच्या सॉकेटसारखं दिसतं म्हणून लॅनची वायर कापून घरी केबल करणारेही बरेच आहेत, त्यांनी पिना दोनदा मोजाव्यात, कारण उजवीकडून मोजायचं की डावीकडून इथेच गाडी घसरते.

डिव्हाइस मॅनेजर उघडून बघा. तिथे पिवळं त्रिकोणी चिन्ह आणि कोड १० दिसत असेल किंवा पीएल२३०३ (केबलमधली प्रोलिफिक कंपनीची चिप) च्या नावापुढे फेज्ड आऊट असं कायतरी लिहिलं असेल तर प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर तुमच्या केबलमधली जुनी नाहीतर नकली चिप चालवायला तयार नाही. एफटीडीआय कंपनीची खरी चिपवाली केबल घ्या, आणि तिच्या पोर्टच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये लेटन्सी टायमर १६ असतो तो १ करा, एवढ्यानेही कधीकधी काम होतं. पोर्टचा नंबर कॉम १ किंवा २ करून ठेवा, जुन्या सॉफ्टवेअरला कॉम १७ वगैरे कळत नाही.

यूएसबी ते ९ पिनी सीरियल असा साधा कन्व्हर्टर आणि वेगळी रिब असेल तर कन्व्हर्टर नीट आहे का ते दोन मिनिटांत कळतं. त्याच्या पिन २ आणि ३ जोडा, टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, फ्लो कंट्रोल आणि लोकल एको बंद ठेवा आणि काहीतरी टाईप करा. टाईप केलेलं परत स्क्रीनवर आलं तर कन्व्हर्टर ठीक, दोष पुढे आहे. नाही आलं तर सेटला हात पण लावू नका.

आणि रीड झालं की लगेच राईट (फाईल सेटमध्ये भरणं) दाबायचं नाही! आधी ती फाईल सेव्ह करा, सेटच्या सीरियल नंबरने, दोन ठिकाणी. प्रत्येक सेटच्या फाईलमध्ये त्याच्या ट्यूनिंगचे स्वतःचे आकडे असतात, म्हणून मित्राच्या सेटची फाईल आपल्या सेटमध्ये ढकलायची नाही. राईट करताना सेटला १३.८ व्होल्टची दणकट सप्लाय द्या, मधेच लाईट गेली किंवा व्होल्टेज पडलं तर मेमरीत अर्धवट माल राहतो, आणि मग तीच सेव्ह केलेली फाईल देवासारखी धावून येते.

प्रश्न (नाशिक) : माझाही जीएम३००, रीड-राईट सगळं होतं, पण १४५ च्या आसपासची फ्रिक्वेन्सी टाकली की सॉफ्टवेअर घेत नाही. एका अमेरिकन व्हिडिओत शिफ्ट दाबून आकडे टाकायची युक्ती दाखवली, तशी घेतली पण पीटीटी (माईकवरचं बोलायचं बटण) दाबलं की नुसता टोन वाजतो. काय चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाही, तुमचा सेट वेगळ्या स्प्लिटचा, म्हणजे वेगळ्या फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा, आहे. व्हीएचएफ जीएम३०० दोन प्रकारात येतो, एक १३६ ते १६२ मेगाहर्ट्झ आणि दुसरा १४६ ते १७४. अमेरिकेत दोन मीटरचा हॅम बँड १४८ पर्यंत जातो, त्यामुळे दुसरा सेट तिथल्या माणसाला बऱ्यापैकी चालतो. आपल्याकडे १४४ ते १४६ एवढाच बँड, म्हणजे तुमचा सेट जिथे सुरू होतो तिथे आपला बँड संपतो. शिफ्टच्या युक्तीने सॉफ्टवेअरला फसवता येतं, आतल्या व्हीसीओला (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटला) नाही. तो तेवढा खाली उतरून लॉक होत नाही आणि तो टोन त्याचीच तक्रार आहे. काही सेट १४५ च्या आसपास लॉक होतात, काही थोडं ट्यूनिंग केल्यावर होतात, पण ते सर्व्हिस मॉनिटर (सेट तपासायचं यंत्र) असलेल्या माणसाचं काम आहे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका.

यूएचएफवाल्यांची तर अजून गंमत. तिथे एक स्प्लिट ४०३ ते ४३३ आणि दुसरा ४३८ ते ४७०, आणि आपला हॅम बँड ४३४ ते ४३८. बरोब्बर मधल्या फटीत! म्हणून विकत घेण्याआधी मागचं लेबल वाचा. मॉडेल नंबरात एम नंतर दोन आकडे असतात, त्यातला दुसरा ३ असेल तर व्हीएचएफ, ४ असेल तर यूएचएफ. पूर्ण मॉडेल नंबरावरून स्प्लिट काढता येतो. विकणारा ‘सगळं पकडतो साहेब’ म्हणाला तरी लेबलच खरं.

प्रश्न (कोल्हापूर) : टेबलावर सेट मस्त चालायचा, सगळे ऐकू यायचे. जीपमध्ये बसवला तर एकदम मुका. अँटेना बदलली, केबल बदलली. माईक हातात घेतला की मात्र आवाज येतो, ठेवला की बंद. भूत आहे का?

उत्तर : भूत नाही, माईकची क्लिप आहे. असा प्रश्न आला की मला फार आनंद होतो. माईकच्या पाठीवरचं बटण धातूच्या क्लिपमध्ये अडकलं की ते गाडीच्या बॉडीमार्फत ग्राऊंड होतं, आणि सेटला कळतं की माईक जागेवर आहे. मग सेट रिसिव्हचा टोन, म्हणजे सिग्नलबरोबर येणारा ओळखीचा सूर, तपासतो आणि टोन जुळला तरच स्पीकर उघडतो. माईक उचलला की तपासणी बंद, जे येईल ते ऐकवतो. टेबलावर क्लिपच नव्हती, म्हणजे सेटच्या हिशोबाने माईक कायम उचललेलाच होता.

म्हणजे तुमच्या चॅनलवर रिसिव्हचा सीटीसीएसएस टोन (हाच तो ओळखीचा सूर) चुकीचा पडलाय, बहुधा जुन्या मालकाचाच राहिलाय. रिसिव्हचा टोन सरळ रिकामा ठेवा. ट्रान्समिटचा मात्र तुमच्या रिपीटरचा (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनचा) असेल तोच हवा, ८८.५ च्या जागी ८५.४ टाकला तर रिपीटर ढिम्म हलणार नाही. तिथल्या कुणातरी हॅमला विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. आणि स्कॅन चालत नाही असंही कुणी म्हणालं तर त्याला हेच सांगा, माईक क्लिपवर नसेल तर स्कॅन थांबतो.

प्रश्न (नवी मुंबई) : एका बंद पडलेल्या कंपनीचे दहा सेट एकत्र घेतले. रीड करताना पासवर्ड मागतात. तोडायचा कसा?

उत्तर : तो इथे सांगणार नाही. विकणाऱ्याकडे पासवर्ड मागा, आणि त्याच्याकडे कंपनीची बिलं आहेत का तेही विचारा, नसतील तर माल कुठून आला हा प्रश्न तुम्हालाच पडला पाहिजे. दुसरं, सेट जवळ बाळगायला आणि वापरायला लायसन्स लागतं, हॅमसाठी सरल संचार पोर्टलवर अर्ज करून परीक्षा द्यावी लागते. तुमच्या पत्रात लायसन्सचा उल्लेख नाही. जुन्या कंपनीचे चॅनल आपल्या कामाला वापरणं हा तर गुन्हाच, ती फ्रिक्वेन्सी आता दुसऱ्या कुणाला, कदाचित ॲम्ब्युलन्सवाल्यांना दिलेली असेल.

प्रश्न (पणजी) : केनवूड आणि आयकॉमच्या गाडीसेटांना एकच केबल चालेल का?

उत्तर : नाही. केनवूडच्या माईक सॉकेटवाल्या गाडीसेटांना केपीजी-४६, दोन पिनांची केपीजी-२२ हातातल्या सेटांची. आयकॉमला गाडीसेटासाठी ओपीसी-११२२ आणि हातातल्यासाठी ओपीसी-४७८. सॉफ्टवेअरही मॉडेलप्रमाणे वेगळं लागतं, म्हणून आधी सेटचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि मग दुकानात जा.