30 लिनक्स सर्व्हरवर नजर ठेवायला (मॉनिटरिंगला) झॅबिक्स घ्यावं की प्रोमिथियस? आणि सुरुवातीला सगळ्यावरच अलर्ट लावून ठेवले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नावर फार डोकेफोड करू नका. सर्व्हर ठरलेले असतील आणि सोबत स्विच-राउटरही बघायचे असतील तर झॅबिक्स. कंटेनर (एकाच सर्व्हरवर चालणारे, हवे तेव्हा उभे करून मोडता येणारे प्रोग्रॅमचे डबे) येत-जात असतील तर प्रोमिथियस आणि आलेख दाखवायला ग्राफाना. दोन्ही फुकट, दोन्ही मुरलेली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : अजिबात लावू नका.

आधीच्या एका नोकरीत आमच्या साहेबांचा हाच हट्ट होता. सीपीयू 80 टक्क्यांवर गेला की मेल, रॅम 80 वर गेली की मेल, डिस्कचंही तेच. मी तेव्हाच म्हटलं होतं, रात्री बॅकअप सुरू झाला की सीपीयू चढणारच, त्यात कळवायचं काय? लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशसाठी वापरतो, त्यामुळे 'फ्री' कमीच दिसणार, बघायचं ते 'अव्हेलेबल'. साहेब म्हणाले, "चार अलर्ट जास्त आले तर बिघडतं काय?"

बिघडलं ते असं. टीममधल्या एकेकाने मेलबॉक्समध्ये नियम लावून टाकला, अलर्ट परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये. मग एकदा पोस्टग्रेस डेटाबेसचा एक रेप्लिका (जुळी प्रत ठेवणारा सर्व्हर) बंद केला गेला, पण त्याचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्याने कुठवर वाचलं याची नोंद, मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला. स्लॉट आहे म्हणजे कुणीतरी वाचायला येणार, या भरवशावर पोस्टग्रेस वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंदवही) पुसत नाही. त्या साचत गेल्या, डिस्क भरली आणि मध्यरात्री डेटाबेस झोपला. (आवृत्ती 13 पासून याला मर्यादा घालता येते, पण ती आपण घालावी लागते.)

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी डिस्कचा तो मेल प्रोजेक्टरवर दाखवला. "सिस्टीमने सांगितलं होतं. तुम्ही वाचलं नाही." वर सीपीयू, खाली सीपीयू, मध्ये ही एक ओळ. ती सापडायला खुद्द साहेबांना सर्च मारावा लागला, पण हे काही मीटिंगच्या इतिवृत्तात आलं नाही. मेल सुटला म्हणजे कळवलं असं मानणाऱ्यांशी माझं तेव्हापासून जमत नाही.

तर फोन वाजावा तो फक्त कुणीतरी उठून काहीतरी करायलाच हवं तेव्हा. सेवा बाहेरून उघडत नाही, रेप्लिकेशन मागे पडलंय, डिस्क चार तासांत भरणार आहे. डिस्कसाठी 80 टक्के हा आकडाच फसवा: 20 जीबीच्या डिस्कवर 4 जीबी उरतात, 4 टीबीच्या डिस्कवर 800. भरण्याच्या वेगावर लावा, त्याचा अंदाज बांधणारं फंक्शन प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट-लिनिअर आहे, झॅबिक्समध्ये टाइमलेफ्ट. आयनोड (दर फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) विसरू नका, जागा असूनही ते संपतात. साइटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट दोन आठवड्यांत संपतंय किंवा काल बॅकअप झाला नाही, याचं तिकीट (कामाच्या यादीत नोंद) बनवा, त्यासाठी रात्री कुणाला उठवू नका. आणि अट सलग पाच मिनिटं टिकली तरच अलर्ट, नाहीतर रात्रभर चालू-बंद, चालू-बंद.

स्विच एसएनएमपीवर (नेटवर्क उपकरणांकडून आकडे विचारून घ्यायची पद्धत) बघणार असाल तर किती डेटा गेला ते मोजणारे 64 बिटांचे काउंटर घ्या, म्हणजे एसएनएमपी व्हर्जन 2सी किंवा 3. पूर्ण भरलेल्या गिगाबिट लिंकवर 32 बिटांचा काउंटर साधारण 34 सेकंदांत शून्यावर येतो आणि मिनिटाला एकदा वाचलात तर आलेख धडधडीत खोटं बोलतो. स्विच गेला की त्यामागच्या सगळ्या सर्व्हरचे अलर्ट दाबले जातील अशी डिपेन्डन्सी लावा. मॉनिटरिंगचा सर्व्हर मेला तर ते सांगणारं काहीतरी त्याच्या बाहेर हवं, हे फार जणांकडे नसतं.

एक राहिलं. मोजू नका असं मी म्हणत नाहीये, मोजा सगळंच, आलेख ठेवा, फक्त ओरडू नका. आणि क्लाउडवर सीपीयू क्रेडिटवाले (जास्त सीपीयू वापरायला साठवलेली शिल्लक खर्चणारे) सर्व्हर असतील तर तिथे क्रेडिट संपण्याचा अलर्ट रास्त आहे.

तुमच्याकडेही कुणी "जास्त आले तर बिघडतं काय" म्हणालं, तर ऑन-कॉलच्या (रात्री-बेरात्री फोन घेणाऱ्यांच्या) यादीत पहिला नंबर त्यांचा टाका. मी तसा प्रस्ताव दिला होता. तो काही मंजूर झाला नाही.