जर्मनीत वापरलेली स्कोडा सुपर्ब कॉम्बी (लांब डिकीची इस्टेट) घ्यायची आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि व्हेरिएंट कोणता घ्यावा?

तुम्ही तीन गाड्या हेरून ठेवल्या आहेत, तिन्ही २०१९-२० च्या: १.५ टीएसआय (पेट्रोल) डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 'स्टाइल', २.० टीडीआय (डिझेल) १५० डीएसजी 'ॲम्बिशन' आणि २.० टीएसआय २७२ फोर बाय फोर 'एल अँड के'. राहता न्यूर्नबर्गमध्ये, ऑफिस सहा किलोमीटरवर, मुलीची किटा (पाळणाघर) वाटेतच. वर्षाला साधारण चौदा हजार किलोमीटर. उन्हाळ्यात नाशिकहून आईबाबा तीन महिने येतात, तेव्हा पाच जण मिळून एकदा इटली, एकदा क्रोएशिया. घर भाड्याचं, चार्जिंगची सोय नाही, बजेट पंचवीस हजार युरो. पत्नीच्या लायसन्सवर ७८ हा आकडा आहे, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

आधी उत्तर सांगतो. या तिघींपैकी पहिली तुमच्या गरजेच्या सगळ्यात जवळ आहे, पण चौथी शोधा: २.० टीएसआय, १९० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर), डीएसजी. ती मिळेपर्यंत महिनाभर थांबावं लागलं तरी थांबा. का, ते आता सांगतो.

गाडी निवडताना मी एकच कसोटी लावतो: कोणती गोष्ट नंतर बदलता येणार नाही? इंजिन बदलता येत नाही, गिअरबॉक्स बदलता येत नाही, सीट आणि हेडलाइट जवळजवळ नाहीच. टोइंग हुक, रिव्हर्स कॅमेरा, छतावरचा बॉक्स, चांगले टायर, हे सगळं मागाहून येतं. म्हणून पैसा पहिल्या यादीवर घालायचा. बहुतेक जण उलट करतात. मोठी स्क्रीन आणि पॅनोरमा छप्पर बघून गाडी पसंत करतात आणि बॉनेटखाली जे असेल ते पदरात घेतात.

गिअरबॉक्सपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत तो अर्धा ठरलेलाच आहे. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली की लायसन्सवर ७८ येतो आणि मग मॅन्युअल गाडी चालवणं बेकायदा. १ एप्रिल २०२१ पासून बी १९७ नावाची वाट निघाली आहे. त्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलच्या किमान दहा तासिका घेऊन स्कूलचीच छोटी चाचणी दिली की परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही गाड्या चालवता येतात. पण आज कागदावर ७८ आहे, म्हणजे मॅन्युअल गाडी फक्त तुमची होईल. मुलीला ताप आला आणि तुम्ही म्युनिकला असलात तर दारातली गाडी दारातच राहील. म्हणून मॅन्युअलचा विचार सोडून द्या, कितीही स्वस्त मिळाली तरी.

आता डीएसजी म्हटलं की सगळ्या सारख्या नसतात. विक्रेते हे स्वतःहून सांगत नाहीत. तुमच्या १.५ टीएसआयला सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी येते, तिचं नाव डीक्यू २००. ती २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी (इंजिनाच्या ओढण्याच्या जोरासाठी) बनवलेली आहे आणि १.५ टीएसआयचा टॉर्क नेमका २५० आहे. म्हणजे इंजिन तिच्या क्षमतेच्या कडेवर बसलंय. गाडी सुपर्बसारखी मोठी, आत पाच माणसं, डिकी गच्च, आणि आल्प्समधल्या ब्रेनर घाटाच्या चढावर पंधरा मिनिटं ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकायचं. मॅन्युअलमध्ये आपण हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळते, तसंच इथे घडतं. फरक इतकाच की पाय आपला नसतो. २.० लिटरच्या इंजिनांना, टीडीआय असो वा टीएसआय, या गाडीत ओल्या क्लचची डीएसजी येते. तिचे क्लच तेलात बुडालेले असतात, ते तेल उष्णता वाहून नेतं. जुनी सहा गिअरची डीक्यू २५०, नंतरची सात गिअरची डीक्यू ३८१. ओल्या डीएसजीचं तेल ठरावीक अंतरावर बदलावंच लागतं, डीक्यू २५० मध्ये दर साठ हजार किलोमीटरला. हे काम करून घेतल्याचं बिल मागा. बिल नसेल तर तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्या.

डीक्यू २०० वाईट आहे असं मी म्हणत नाही. लाखो गाड्यांमध्ये ती रोज चालते आणि एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला ती पुरून उरते. पण तुमचा उन्हाळा पाच माणसांचा आणि घाटाचा आहे.

इंजिनाकडे वळू. डिझेलबद्दल मला मनापासून सावध करायचंय, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. इथे आल्यावर आमची पहिली गाडी सेकंडहँड डिझेल होती, ॲव्हरेज बघून घेतलेली. ऑफिस पाच किलोमीटरवर. दुसऱ्याच हिवाळ्यात पार्टिक्युलेट फिल्टरचा दिवा लागला, पुन्हा लागला, आणि शेवटी गाडी पॉवर कमी करून रांगायला लागली. दोष गाडीचा नव्हता. फिल्टरमधली काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागतं आणि ते काही मिनिटं टिकावं लागतं. पाच-सहा किलोमीटरमध्ये इंजिनचं तेलसुद्धा नीट तापत नाही. जाळायची प्रक्रिया सुरू होते, आपण किटासमोर गाडी बंद करतो, ती अर्धवट राहते. दरवेळी जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडलेलं असतं, त्यातलं थोडं खाली तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. पेट्रोल गाड्यांनाही हल्ली फिल्टर असतो, पण पेट्रोलचा धूर मुळातच जास्त गरम, त्यामुळे तो सहज साफ होतो.

पैशाचं गणितही मांडून बघा. भाव रोज हलतात, म्हणून गणितापुरतं पेट्रोल १.७५ आणि डिझेल १.६५ युरो धरू. १.५ टीएसआयला शंभर किलोमीटरला सात लिटर धरले तर वर्षाला ९८० लिटर, सुमारे १,७१५ युरो. टीडीआयला ५.७ लिटर धरले तर ७९८ लिटर, सुमारे १,३१७ युरो. जवळपास चारशे वाचले. पण वाहन करात डिझेलला दर १०० सीसीमागे ९.५० युरो आणि पेट्रोलला २ युरो लागतात. म्हणजे दोन लिटर डिझेलचे १९०, दीड लिटर पेट्रोलचे ३०. कार्बन उत्सर्जनाचा भाग वेगळा, त्यात पेट्रोलला थोडं जास्त पडतं. ढोबळमानाने हातात उरले वर्षाला २४०, महिन्याला वीस युरो. वीस युरोंसाठी फिल्टरची टांगती तलवार मी घेणार नाही. तुम्ही दर आठवड्याला म्युनिकला जाऊन येत असतात, तर मी डोळे मिटून टीडीआय सांगितली असती. महामार्गावर, भरलेल्या गाडीत, तिच्यासारखं दुसरं इंजिन नाही. १,७५० आरपीएमपासून ३४० न्यूटन मीटर टॉर्क, चढ आहे हे कळतसुद्धा नाही.

२.० टीएसआय १९० मध्ये ३२० न्यूटन मीटर आहेत, म्हणजे टीडीआयच्या जवळपास, आणि गिअरबॉक्स ओला. ती १.५ पेक्षा शंभराला एखादा लिटर जास्त पिते, महिन्याला आणखी वीस युरो. हे वीस मी आनंदाने देईन, कारण त्यांच्या बदल्यात तुम्हाला क्लचची चिंता नको आणि ओव्हरटेक करताना मागच्या सीटवरच्या आईने हँडल घट्ट धरायला नको. २७२ वाली गाडी सुंदर आहे, मी एकदा चालवली आहे, अजून आठवते. पण फोर बाय फोरचं वजन, पेट्रोल, टायर आणि विमा मिळून ती तुमच्या सहा किलोमीटरच्या आयुष्यात फुकट जाईल. प्लग-इन हायब्रिड 'आयव्ही' बद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक वाक्य: घरी चार्जिंग नसताना तिची बॅटरी म्हणजे नुसतं ओझं, आणि त्या बॅटरीमुळे कॉम्बीची डिकी ६६० वरून ५१० लिटरवर येते. आईबाबांच्या बॅगा तिथेच अडतील.

सामानाबद्दल अजून एक, जे फार कमी लोक तपासतात. गाडीत जागा असणं आणि गाडीला वजन पेलणं या दोन वेगळ्या गोष्टी. गाडीच्या नोंदणी कागदावर एफ.२ या रकान्यात कमाल परवानगीचं वजन असतं आणि जी या रकान्यात रिकाम्या गाडीचं, ७५ किलोचा ड्रायव्हर धरून. वजाबाकी करा. उरलेल्या आकड्यात तुमची पत्नी, आईबाबा, मुलगी आणि तिची सीट, बॅगा, छतावरचा बॉक्स सगळं बसायला हवं. माझ्या अंदाजाने तुमचं ओझं ३८० किलोच्या आसपास जातं. बहुतेक सुपर्ब हे पेलेल, पण पॅनोरमा छप्पर, फोर बाय फोर, टोइंग हुक असं एकेक जोडत गेलं की तो आकडा आक्रसतो. म्हणून ज्या गाडीचा सौदा करायचा तिचाच कागद बघा, ब्रोशर नव्हे. भरलेल्या गाडीला टायरमध्ये किती हवा लागते ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

आता व्हेरिएंट. इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण नावात फार काही नाही. 'ॲम्बिशन' मधला, 'स्टाइल' वरचा, 'एल अँड के' सगळ्यात वर. लॉरिन आणि क्लेमेंट या १८९५ मध्ये सायकलींपासून सुरुवात केलेल्या संस्थापकांचं ते नाव आहे. 'स्पोर्टलाइन' थोडी खाली बसते. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ती टाळा. 'स्काउट' थोडी उंच, पण फक्त फोर बाय फोरमध्ये येते. एका मालकाने भरपूर ऑप्शन घातलेली 'ॲम्बिशन' साध्या 'स्टाइल' पेक्षा सरस निघू शकते, म्हणून नाव न विचारता एकेक वस्तू विचारा. मी या क्रमाने विचारेन: मॅट्रिक्स एलईडी हेडलाइट, समोरच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, ड्रायव्हरची कमरेला आधार देणारी सीट, मागच्यांसाठी वेगळं तापमान. शेवटची गोष्ट चैन वाटेल, पण जूनमध्ये इटलीत पाडोव्याच्या टोलनाक्यावर मागे बसलेल्या आईला विचारा. चाकं १७ किंवा १८ इंचीच घ्या. १९ इंचीवर गाडी दिसते छान, पण खड्डा कमरेत जाणवतो आणि हिवाळी टायरांचा दुसरा संच महाग पडतो.

पाच जण बसणार म्हणून हेही बघा: सुपर्बमध्ये मागे पाय ठेवायला जागा भरपूर, पण मधल्या सीटपुढे जमिनीला मोठा उंचवटा आहे. मुलीची सीट आयसोफिक्सवर (मुलांची सीट अडकवायच्या कड्यांवर) बाजूला लागेल, म्हणजे मधे एक मोठं माणूस पाय फाकवून बसणार. आठ तासांच्या प्रवासात कोण कुठे बसेल ते आधी ठरवा. आमच्याकडे दर दोन तासांनी बायको आणि मी गाडी चालवायची पाळी बदलतो आणि उतरलेला माणूस मधे बसतो.

लहानपणी पिंपरीत आमच्या गल्लीत एक टाटा इस्टेट होती, १९९२ मध्ये आलेली ती लांबलचक गाडी. मागच्या डिकीत आम्ही पोरं आणि आंब्याच्या पेट्या एकत्र बसून कोकणात जायचो. भारतात इस्टेट कधी रुजल्या नाहीत, सगळे एसयूव्हीकडे गेले. म्हणून तुमचे बाबा फोनवर 'एसयूव्ही का नाही?' विचारणार. त्यांना सांगा की सामान कमरेच्या उंचीवर उचलावं लागत नाही आणि वळणावर गाडी डुलत नाही.

खरेदी डीलरकडूनच करा, चार-पाचशे युरो जास्त गेले तरी. डीलरला वापरलेल्या गाडीवर किमान एक वर्षाची कायदेशीर जबाबदारी टाळता येत नाही, आणि २०२२ पासून त्या पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधी नव्हता हे त्याने सिद्ध करायचं असतं. खासगी विक्रेता ही जबाबदारी करारात काढून टाकू शकतो. डीएसजीसारख्या महाग भागासाठी हे वर्ष मोलाचं आहे.

शनिवारी १.५ बघायला जाणारच असाल तर इंजिन थंड असतानाच पोचा, आधी तापवून ठेवू नका असं फोनवर सांगा. पार्किंगच्या चढावर उभी करा, ब्रेक सोडून नुसत्या सरकण्यावर वर न्या, मग रिव्हर्समध्ये तसंच. थरथर, खडखड किंवा हिसका जाणवला तर चावी परत द्या. पत्नीलाही दहा मिनिटं चालवू द्या. आणि तुमच्या गॅरेजमध्ये डुप्लेक्स लिफ्ट (एकावर एक दोन गाड्या ठेवायची) असेल तर तिच्यावरची कमाल लांबीची पाटी आज रात्रीच वाचून घ्या. ही गाडी ४.८६ मीटर लांब आहे.