मोबाइल डेटा इतका स्वस्त, मग घरोघरी ब्रॉडबँड का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : भारतात मोबाइल इंटरनेट जगातल्या सर्वांत स्वस्तांपैकी असूनही घरगुती ब्रॉडबँडमध्ये आपण इतके मागे का, कुटुंबं कनेक्शन घेतात ती नेमकी कशामुळे, आणि ५जी आल्यावर वायरची गरज उरेल का.

वेग बघून कनेक्शन घेणारं घर क्वचितच भेटतं. मी इंदूरला याच धंद्यात आहे. आधी घरचा केबल टीव्हीचा धंदा होता, आता फायबरचा आहे. १०० आणि ३०० एमबीपीएसमधला फरक विचारणारी बहुतेक कॉलेजातली मुलं असतात, आणि पैसे ती भरत नाहीत. पैसे भरणारा विचारतो, महिन्याला टॅक्ससकट किती पडेल, आत्ता हातात किती द्यायचे, आणि बंद पडलं तर येणार कोण. सरकारी कागदांत मात्र सगळा जोर वेगावर आणि किलोमीटरवर असतो.

मागे म्हणजे किती मागे, ते आधी बघू. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ च्या अखेरीला देशात वायरवरची ब्रॉडबँड कनेक्शनं ४ कोटींच्या थोडी वर होती. घरं धरा ३० कोटी. त्या ४ कोटींत दुकानं आणि ऑफिसंही आली. म्हणजे शंभरातल्या पंधरा घरांतसुद्धा वायर नाही. तरी हा आकडा २०२० च्या सुरुवातीला २ कोटींच्याही आत होता, चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर गेला. गंमत म्हणजे ब्रॉडबँड धोरण आपल्याकडे २००४ पासून आहे. तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे आणि २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचं लक्ष्य होतं. २०१० संपलं तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास पोचलो होतो.

याचं एक कारण जुनं आहे. युरोप-अमेरिकेत ब्रॉडबँड आला तो घरात आधीच असलेल्या तारेवरून, टेलिफोनच्या तांब्याच्या किंवा केबल टीव्हीच्या. आपल्याकडे लँडलाइन ऐन भरात असताना, २००५-०६ च्या सुमाराला, ५ कोटींच्या आसपास होत्या. त्यानंतर मोबाइल स्वस्त झाला आणि लोकांनी लँडलाइन परत केल्या, म्हणजे होती ती तारही घरातून गेली. केबल टीव्हीची तार मात्र कोट्यवधी घरांत होती. पण ती एकाच दिशेने चालणारी. दोन्ही दिशांनी चालवायची तर अॅम्प्लिफायरपासून सगळं बदलायला हवं होतं. पैसा कोण घालणार, मोठी केबल कंपनी की गल्लीतला ऑपरेटर? आणि पैसा घातल्यावर ग्राहक कोणाचा? या भांडणात दहाएक वर्षं गेली. ते भांडण मी जवळून बघितलंय, त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.

दक्षिण कोरियाचं उदाहरण सगळे देतात, आणि बहुतेक जण 'सरकारने पैसा ओतला' इथेच थांबतात. सरकारने मदत केली, पण घरात वायर गेली ती स्पर्धेमुळे. १९९८ मध्ये थ्रूनेटने केबलवर आणि १९९९ मध्ये हानारोने टेलिफोनच्या तारेवर ब्रॉडबँड सुरू केला, तेव्हा कुठे जुनी कोरिया टेलिकॉम जोरात उतरली. लोक उंच अपार्टमेंटमध्ये राहणारे, त्यामुळे एका इमारतीपर्यंत फायबर नेली की शेकडो घरं हाताशी. इमारतीचं आतलं वायरिंग कसं आहे यावर तिला दर्जा देण्याची पद्धतही १९९९ मध्येच आली. मुलांच्या अभ्यासाचा ताण, नाक्यानाक्यावर गेमिंगचे अड्डे, आणि सरकारने गृहिणींसाठी काढलेले इंटरनेट शिकवण्याचे वर्ग. २००२ मध्ये तिथे १ कोटी कनेक्शनं झाली होती, आणि देशात घरंच दीड कोटीच्या आसपास. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं गृहिणींचं प्रशिक्षण वाटतं. त्याकडे पुढे येतो.

जपानमध्ये २००१ मध्ये याहू बीबी ही ब्रॉडबँड सेवा आली. एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीला आपली तांब्याची तार दुसऱ्या कंपन्यांना ठरल्या भाड्याने द्यावी लागत होती. त्याच तारेवरून यांनी स्वस्तात सेवा विकली आणि स्टेशनबाहेर उभं राहून मोडेमची पाकिटं फुकट वाटली. फ्रान्समध्ये पुढच्याच वर्षी 'फ्री' कंपनीने २९.९९ युरोचा दर लावून बाजार हलवला. आपल्याकडेही २००४ मध्ये ट्रायने तार अशी खुली करण्याची शिफारस केली होती, पण धोरणात ती सक्ती आली नाही. आपला दर खरा पडला तो सप्टेंबर २०२० ला, जिओफायबरचा ३९९ चा प्लॅन आला तेव्हा. त्याआधी वर्षभर, २०१९ मध्ये, सुरुवातच ६९९ पासून होती. ३९९ झाल्यावर बाकीच्यांनाही उतरावं लागलं, आमच्यासारख्यांनाही.

आता तुमच्या प्रश्नातला खरा पेच. मोबाइल डेटा स्वस्त असेल तर वायर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण घरात चार फोन असले, प्रत्येकाचं रिचार्ज २८ दिवसांना तीनशेच्या आगेमागे, तर हजार-बाराशे तिथेच जातात. वायर घेतली तर हा खर्च कमी व्हायला हवा. होत नाही, कारण नंबर चालू ठेवायचा तर रिचार्ज करावंच लागतं, आणि त्यात डेटा आलाच. त्यामुळे ३९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, असे ४७१ रुपये हा घरासाठी वरचा खर्च ठरतो, बदली खर्च नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे पॅक काढायला लावले आणि ते निघालेही, पण आमच्या काउंटरवर ते मागणारा माणूस विरळा. माझ्या मते घरगुती ब्रॉडबँड अडतो तो इथे. दुसऱ्या देशांत वायर आधी होती आणि मोबाइल डेटा मागून महागात आला. आपल्याकडे खिशातला डेटा आधी आला आणि वायरीला त्याच्या वरचं काहीतरी देऊन दाखवावं लागतं.

ते वरचं काहीतरी कोणाला हवं असतं? दिवसभर घरात असणाऱ्यांना. घरातल्या कमावत्या पुरुषाच्या फोनमध्ये रोजचा दीड-दोन जीबी असतो, त्याचं भागतं. मुलं, त्यांची आई, आजी-आजोबा एकाच फोनवर किंवा हॉटस्पॉटवर काढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७ टक्के. ज्याला वायरची गरज कमी, पाकीट त्याच्याकडे. कोरियातले गृहिणींचे वर्ग मला महत्त्वाचे वाटतात ते यासाठीच. आम्हाला हे दारातच कळतं. 'ह्यांना विचारून सांगते' असं उत्तर आलं की ते कनेक्शन बहुधा होत नाही. मुलांची शाळा किंवा टीव्ही मध्ये आला, तर होतं.

शाळेचं सांगायला नको, २०२० ने ते काम केलं. पण शाळा पुन्हा भरल्या तरी वायरी निघाल्या नाहीत, उलट वाढल्या, कारण तोवर भिंतीवर स्मार्ट टीव्ही लागला होता. संगणकाने आपल्याकडे हे काम कधीच केलं नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (एनएसएस) संगणक असलेली घरं जेमतेम १०.७ टक्के होती. कोरियात मुलाच्या टेबलावरच्या संगणकाने जे केलं, ते इथे टीव्हीने केलं.

इंदूरच्या मराठी घरांत तर हे फारच ठळक दिसतं. २०१९ पासून चॅनेलनिहाय पैसे सुरू झाले आणि इथे जो तो हिंदी पॅक घेतो. मराठी चॅनेलं वेगळी मागून जोडावी लागतात, त्यातलं एखादं हवं ते पॅकमध्ये नसतंच. लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, राजेंद्रनगर इकडच्या जुन्या घरांतून मला येणारा फोन ठरलेला असतो : 'भाऊ, मालिका टीव्हीवर मोठी दिसेल ना?' एका काकूंकडे गेलो होतो. टीव्ही मुलाने पुण्याहून पाठवलेला, रिमोटवरचं अॅपचं बटण कधी दाबलेलंच नव्हतं. कनेक्शन लावलं, मराठी मालिका लावून दिली, मग त्यांनी यूट्यूबवर गणपती अथर्वशीर्ष शोधायला लावलं, आणि शेवटी विचारलं, 'आणि हे महिन्याला मी भरायचं की तो?' तोच भरतो. अशी बरीच घरं आहेत, जिथे वायर इंदुरात आहे आणि रिचार्ज पुण्याहून किंवा बंगळुरूहून होतं. घरातली आवक बघून कोण कनेक्शन घेईल याचा हिशोब मांडणाऱ्यांना ही घरं सापडणार नाहीत.

उलटही असतं, एका वायरीवर तीन घरं. खाली मोठा भाऊ, वर धाकटा, आणि पासवर्ड शेजाऱ्याकडे. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या भागात एका मजल्यावर एक राउटर आणि दहा-बारा पोरं. भाडेकरू सहसा स्वतःचं कनेक्शन घेत नाही, अकरा महिन्यांनी खोली बदलायची असते आणि घरमालक नव्या रंगाच्या भिंतीला ड्रिल लावू देत नाही. म्हणून कनेक्शनांचा आकडा आणि वापरणाऱ्यांचा आकडा जुळत नाही.

आता कंपनीच्या बाजूने. एका गल्लीत फायबर नेली की एक फायबर अनेक घरांत वाटणारा स्प्लिटरचा डबा, खांब, लाइनमनचा पगार हा खर्च ठरलेला, घरं चार असोत की चौदा. चौघांनीच घेतलं तर दुरुस्तीचाही खर्च निघत नाही, मग दुरुस्ती लांबते, मग उरलेले घेत नाहीत. हे चक्र मी अनेक गल्ल्यांत बघितलंय. ओएनयूवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, लाल बत्ती लागली, म्हणजे फायबरमधून प्रकाश येत नाही, की ग्राहक पहिला फोन मला करत नाही, शेजाऱ्याला विचारतो, 'तुझं चालू आहे का?' पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटतात तेव्हा वायरी तुटतात, रस्ता खोदला की तुटतात, माकडं ओढतात. लाइनमन प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावतो, आकडा उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की समजतो की कुठेतरी वाक आहे किंवा जोड बिघडलाय, आणि शिडी घेऊन डब्याडब्याने मागे जातो. तो त्याच संध्याकाळी आला तर त्या गल्लीत महिन्याभरात दोन कनेक्शनं वाढतात. आठवडा लागला तर जाहिरात कितीही करा. ओळखीचा लाइनमन असणं हे मी दराच्या खालोखाल धरतो, आणि कुठल्याही धोरणात ते मला लिहिलेलं दिसलेलं नाही.

धोरणांत रस्ता आणि खांब वापरण्याच्या परवानग्यांचे नियम आले, २०१६ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२५ पासून नवे. चांगलंच आहे. इमारतींना डिजिटल जोडणीसाठी स्टार-दर्जा देण्याचे ट्रायचे नियमही ऑक्टोबर २०२४ मध्ये आले, कोरियानंतर पंचवीस वर्षांनी, आणि तेही ऐच्छिक.

गावांचं थोडक्यात. गावोगावी फायबर नेण्याच्या भारतनेट या सरकारी योजनेला मंजुरी ऑक्टोबर २०११ ची, लक्ष्य अडीच लाख ग्रामपंचायती. फायबर पंचायतीच्या इमारतीपर्यंत न्यायची होती. तिथून घरापर्यंतचं काम कोणाचं, हे बराच काळ मोकळं राहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम आला, त्यात दीड कोटी घरांना कनेक्शन आणि ती जोडायला-सांभाळायला स्थानिक उद्यमी अशी मांडणी आहे. म्हणजे गावातलाच केबलवाला. हा विचार मला पटतो. त्याची महिन्याची आवक ग्राहक टिकण्यावर आहे, त्यामुळे तो शिडी घेऊन जातो.

५जी एअरफायबर २०२३ मध्ये आला. गच्चीवर अँटेना, खणायचं नाही, खांब नको, परवानगी नको, भाडेकरूलाही चालतो. पण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते आणि टीव्ही चालणारं एक घर कित्येक फोनांएवढं खातं, म्हणून दाट वस्तीत वायर स्वस्त पडते आणि पुढेही पडेल. त्या टॉवरलाही मागून फायबरच लागते. विरळ वस्तीत मात्र एअरफायबरच जिंकणार. बायपासच्या पलीकडच्या नव्या कॉलन्यांत आधी तोच लागतो. मागून आम्ही वायर घेऊन पोचतो तेव्हा निम्म्या घरांना ती नको असते, कारण त्यांची मालिका चालू असते.