गिअर ऑईल घरी बदलताय? मग आधी वरचा प्लग उघडा

प्रश्न : नमस्कार दादा, मी ऐरोलीला राहतो, बाबांनी २०१३ ला घेतलेली पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, ८२ हजार किलोमीटर झालेत. सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर अडतो, जरा जोर लावावा लागतो, गाडी गरम झाली की मग काही नाही. गॅरेजवाला म्हणाला गिअर ऑईल बदलायचंच नसतं, लाइफटाइम असतं. इंजिन ऑईल मी स्वतः दोनदा बदललंय सोसायटीच्या पार्किंगमध्ये. हे पण जमेल का? आणि ऑईल कुठलं आणू?

उत्तर : जमेल, नक्की जमेल, ज्याने इंजिन ऑईल बदललंय त्याला यात नवीन असं फार नाही. पण दोन गोष्टी इथे वेगळ्या आहेत आणि त्या चुकल्या तर गाडी जागेवरून हलत नाही, म्हणून नीट वाचा.

आधी दुखणं ऑईलचंच आहे ना ते बघा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच परत करा. बंद असताना सगळे लोण्यासारखे पडतायत आणि चालू केल्यावर सगळेच कडक, रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबल ताणायला झालीय किंवा क्लच प्लेट बघायला हवी, त्यावर ऑईल बदलून काही होणार नाही. तुमचा फक्त दुसरा अडतो आणि तोही थंड असताना, म्हणजे ऑईलवर संशय घ्यायला जागा आहे.

कारण सांगतो. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला एक सिंक्रो रिंग असते, बऱ्याच गाड्यांत पितळेची, बांगडीसारखी. गिअर पडायच्या आधी ती घासून दोन्हीकडचा वेग सारखा करते. थंड ऑईल जाड असतं, तो थर बाजूला सारून रिंगने पकड घेईपर्यंत क्षणभर जातो, तोच तुमच्या हाताला अडल्यासारखा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधलं वेगाचं अंतर मोठं, म्हणून दुसऱ्याच्या रिंगला सगळ्यात जास्त काम. त्यात आपली गाडी ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. अकरा-बारा वर्षांत ऑईलमधली द्रव्यं संपतात आणि धातूची बारीक भुकटी त्यात फिरत राहते, फिल्टर म्हणाल तर बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला नसतोच. लाइफटाइम हा शब्द मला मान्य नाही. कुणाचं लाइफ, ते कोणी सांगत नाही. पुस्तिकेत किलोमीटर लिहिलेले असतील तर ते पाळा, नसतील तर ८२ हजाराला बदलाच.

आता ऑईल. डब्यावर दोन आकडे बघायचे. एक जाडी, ७५ डब्ल्यू ९० किंवा ७५ डब्ल्यू ८० असं, ते पुस्तिकेत असेल तेच, शेजाऱ्याच्या गाडीत काय टाकलं ते नको. दुसरा आकडा जीएल ४ की जीएल ५, आणि इथे दुकानदार हमखास म्हणतो की घ्या हो, ५ म्हणजे ४ पेक्षा भारी. तसं नाहीये. जीएल ५ मुळात हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या ऍक्सलच्या डिफरन्शियलसाठी (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी), त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, काही प्रकार पितळेला खातात आणि शिवाय रिंगला जी घासण हवी ती मिळत नाही, ती घसरते. पुस्तिकेत जीएल ४ लिहिलंय तर जीएल ४ च आणा. तुमच्यासारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शियल त्याच खोक्यात त्याच ऑईलमध्ये असतं, म्हणजे वेगळं काही आणायला नको. छोट्या गाडीला साधारण दोन ते अडीच लिटर लागतं, तीन लिटर घेऊन ठेवा.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. गिअरबॉक्सला दोन प्लग असतात, खाली ड्रेनचा आणि वर बाजूला भरायचा. वरचा आधी सैल करायचा. तो सुटला याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला पाना लावायचा नाही. मी हे कळव्याला आमच्या बिल्डिंगखाली शिकलो, रविवारी दुपारी. आधी खालचा काढला, ऑईल सगळं ट्रेमध्ये आलं, आणि वरचा जागचा हलेना, जोर केला तर त्याची चौकोनी खाच गोल झाली. रिकामा गिअरबॉक्स, गाडी चालवायची सोय नाही, आणि सोमवारी सकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. रिक्षाने नेलं तिला, उकाड्यात, गुडघ्याचं दुखणं असताना. मंगळवारी एका मेकॅनिकने घरी येऊन छिन्नीने ठोकत ठोकत तो प्लग फिरवला. वरचा आधी बघितला असता तर जुनं ऑईल आतच होतं, गाडी चालली असती.

म्हणून आदल्या रात्री वरच्या प्लगवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. काही गाड्यांत त्याला ऍलन की लागते, काहींत रॅचेटचं चौकोनी टोक थेट खाचेत बसतं, काहींत साधा हेक्स. खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढा, पाना पूर्ण आत बसला पाहिजे, अर्धवट बसला की खाच गेलीच म्हणून समजा. सुटत नसेल तर आधी किंचित आवळायच्या दिशेला झटका द्या, मग सोडवायच्या. 'कट' असा आवाज आला की सुटला. नाहीच सुटला तर त्या दिवशी थांबा, गाडी तशीच घेऊन गॅरेजला जा, त्यात काही कमीपणा नाही.

अजून एक, खाली गेल्यावर इंजिनचा प्लग आणि गिअरबॉक्सचा प्लग यात गल्लत करू नका, तुम्हाला इंजिनच्या प्लगची सवय आहे म्हणून हात तिकडेच जाईल. क्लचची केबल जिथे जाऊन पोचते ते खोकं गिअरबॉक्स, ते ओळखा आणि मगच पाना लावा.

गाडी उचलायची तर घरचा जॅक फक्त उचलायला, खाली शिरायचं ते जॅक स्टँडवरच, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा आणि हँडब्रेक. हे सांगताना मी कधीच घाई करत नाही, कारण जॅक सरकला तर विचार करायलाही वेळ मिळत नाही. रॅम्पवर, उतारावर हे काम नाही, तळमजल्याची सपाट जागाच हवी. वॉचमन आणि सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, खाली जाड पुठ्ठा पसरा, लादीवर पडलेला गिअर ऑईलचा डाग जात नाही आणि त्याचा गंधकाचा वास तर दोन दिवस हाताला राहतो, हातमोजे घाला.

काढायच्या आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, कोपरखैरणेपर्यंत जाऊन आलात तरी पुरे, कोमट ऑईल तळातली भुकटी घेऊन पटकन उतरतं. आधी जाड धार येते, मग सुतासारखी, मग थेंब. घाई न करता पंधरा-वीस मिनिटं थेंब पडू द्या. तेवढ्यात ड्रेन प्लग बघा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं आणि त्यावर काळपट राखाडी लगदा चिकटलेला असतो, शाईच्या गाळासारखा. अंगठा आणि बोटात चोळून बघा. गुळगुळीत लागला तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. टोचणारे तुकडे, कीस किंवा दाताचा कपचा सापडला तर मात्र ऑईल भरा पण गाडी दाखवून घ्या, आत काहीतरी तुटतंय. ऑईल उन्हात धरा, पितळेची सोनेरी चमक जास्त दिसली तर रिंगा झिजल्यात, मग नव्या ऑईलने थोडा आराम पडेल पण पूर्ण नाही.

वायसर नवा टाका, काही रुपयांची वस्तू आहे. प्लग हाताने तीन-चार आटे फिरवून मगच पाना लावा. खोकं ऍल्युमिनियमचं असतं, लोखंडी प्लग जोराने आवळला की आटे त्या खोक्याचे जातात, प्लगचे नाही, आणि तो खर्च मोठा. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असेल तर पुस्तिकेतला आकडा, नसेल तर मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नाही.

भरायला वरून जागा नसते म्हणून बॉनेटमधून नरसाळ्याला तीन-चार फूट पारदर्शक नळी लावून खाली भोकात सोडा, किंवा मोठी पिचकारी घ्या. वेळ लागतो, ऑईल मधासारखं जातं. लेव्हल बघताना गाडी चारही बाजूंनी सपाट पाहिजे, फक्त पुढून उचललेली असेल तर माप खोटं येतं. चाकं खाली टेकवून, स्टेअरिंग पूर्ण वळवून बाजूने हात पोचतो का बघा, नाहीतर चारही बाजूंना स्टँड. बहुतेक गाड्यांत नियम हा की भोकातून ऑईल ओघळायला लागलं की भरलं, ओघळ थांबेपर्यंत वाट बघा आणि प्लग लावा. तरी पुस्तिका एकदा बघाच. जुनं किती निघालं ते बाटल्यांत भरून मोजा, फार फरक असेल तर कुठेतरी गळतंय. कमी पडलं की बऱ्याच छोट्या गाड्यांत पाचवा गिअर आधी आवाज करायला लागतो, तो टोकाला बसलेला असतो.

आणि जुनं ऑईल गटारात नाही, सोसायटीच्या झाडाच्या बुंध्यात पण नाही. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचरा आहे. तुमच्या ऐरोलीचे नाले खाडीलाच मिळतात, तीच खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलीय, तुमच्याकडच्याच जैवविविधता केंद्रातून लोक बोटीने ते पक्षी बघायला जातात. ऑईलच्याच डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि जे गॅरेज जुनं ऑईल अधिकृत रिसायकलरला देतं त्यांच्याकडे नेऊन द्या, आधी विचारून.

प्रश्न : दादा, जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाण्यातून गाडी काढली, पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर होतं. इंजिन बंद पडलं नाही. गिअरबॉक्सचं काही बघायला हवं का? (कळवा)

उत्तर : हो ताई, बघाच, आणि लवकर. गिअरबॉक्सला हवा जायला वर एक छोटा ब्रीदर असतो. गरम खोकं अचानक थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर किंवा सील पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ड्रेनचा प्लग थोडा सैल करून चहाच्या कपभर ऑईल काढून बघा, अर्थात वरचा प्लग सुटतोय हे आधी बघून. दुधाळ, कटिंगसारखा रंग असेल तर पाणी गेलंय, सगळं काढा, नवं भरा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून परत बदला कारण थोडं आतच राहतं. स्वच्छ असेल तर काळजी नाही. वाट बघू नका, पाण्याने बेअरिंग गंजतात आणि गुणगुण आवाज यायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे, क्लच नाही. वरचंच ऑईल चालेल का? (घणसोली)

उत्तर : एएमटीत आत गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, क्लच आणि गिअर यंत्र टाकतं एवढंच. गिअरबॉक्सचं ऑईल पुस्तिकेप्रमाणे. पण बऱ्याच एएमटींत त्या यंत्राला स्वतःचं वेगळं हायड्रॉलिक ऑईल असतं, छोट्या टाकीत, त्यात गिअर ऑईल चुकूनही टाकू नका आणि ते काम घरी करू नका, त्याला कॉम्प्युटर जोडून हवा काढावी लागते. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्याचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर तिचं ऑईल पूर्ण वेगळं, तो प्रश्न वेगळा पाठवा.